एकोणतीसच्या पाढ्यातले पाच सेकंद

शर्यतीच्या पिटमध्ये, म्हणजे गाड्यांचे टायर बदलायच्या जागी, तिला सगळेच आत्या म्हणत. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे टायरवाले, छातीवर बिल्ले लावलेले अधिकारी, शेजारच्या संघातली काल मिसरूड फुटलेली पोरं, सगळ्यांचीच ती आत्या. खरं तर ती एकाच मुलीची आत्या होती, आणि ती मुलगी पिवळ्या सत्तावीस नंबरच्या गाडीत बसायची. लहानपणी स्वतःच्या वजनाचा पाना ओढत गॅरेजभर फिरायची म्हणून तिचं नाव मुंगी पडलं. आता चोवीस वर्षांची झाली तरी ते नाव पुसलं गेलं नव्हतं, आणि तिने ते पुसायचा प्रयत्नही केला नव्हता.

संघ घरचाच. मुंगीचा बाप, म्हणजे आत्याचा दादा, संघाचा मालक होता आणि मागच्या उजव्या चाकाचे नट सोडवायची-आवळायची गनही तोच धरायचा, कारण दुसऱ्या कुणाच्या हातात गन दिली की त्याला झोप लागत नसे. दादाचा राग नाकावर, आत्याचं डोकं थंड, आणि दोघांच्या मध्ये गाडी. या तीन पायांवर संघ तीस वर्षं उभा होता.

आत्याकडे दोन कामं होती. एक मापाचं. टायरचा घेर, इंधनाचं वजन, ब्रेकची जाडी, सगळं ती स्वतः मोजायची आणि एका मळकट वहीत लिहायची. टायरला ती फीत लावायची तेव्हा शिंपी गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेतोय असंच वाटायचं. दुसरं काम मोजणीचं, आणि त्यासाठी ती पिटमध्ये नावाजलेली होती.

या खेळात चुकीची शिक्षा वेळेत भरावी लागते. पिटच्या गल्लीत वेगमर्यादा ओलांडली, पाच सेकंद. दुसऱ्याला धक्का देऊन रस्त्याबाहेर घातलं, दहा. फारच मस्ती केली तर भर शर्यतीत गाडी पिटच्या गल्लीतून रांगत फिरवून आणायची. पाच सेकंद भरायच्या तऱ्हा दोन. गाडी पुढच्या वेळी टायर बदलायला आली की आधी पाच सेकंद ती नुसती उभी ठेवायची. तेवढ्या वेळात तिला कुणी बोट लावायचं नाही, जॅक टेकवायचा नाही, काचसुद्धा पुसायची नाही. लावलं, तर दंड भरलाच नाही असं धरतात आणि वर आणखी ठोकतात. गाडी पुन्हा पिटमध्ये येणारच नसेल, तर शर्यत संपल्यावर तिच्या एकूण वेळेत पाच सेकंद मिळवतात. मग रस्त्यावर पुढे आलेला माणूस कागदावर मागे जातो.

उभ्या गाडीशेजारी पाच सेकंद गप्प उभं राहणं किती अवघड, हे केल्याशिवाय कळत नाही. इंजिन किंचाळत असतं, बाकीच्या गाड्या शेजारून सुटत असतात, आणि माणसाचं काळीज घड्याळाच्या दुप्पट धावतं. साडेतीन सेकंदांतच वाटतं, झाले पाच. म्हणून नवखे संघ हटकून आधी हात लावतात. शहाणे संघ घड्याळ पाहून मोजतात, पण डोळ्याने पाहायचं, तोंडाने सांगायचं आणि हाताने ऐकायचं यात पाव सेकंद वाया जातो. आत्या घड्याळ पाहत नसे. ती एकोणतीसचा पाढा म्हणायची.

शाळेत या पाढ्याने भल्याभल्यांना घाम फोडला, तिला मात्र त्यानेच पोसलं. एका ओळीला बरोबर एक सेकंद. चाकं पूर्ण थांबली की ‘एकोणतीस एके एकोणतीस’ सुरू, आणि पाचव्या ओळीचं ‘पंचेचाळासे’ पुरतं उच्चारलं की पाच सेकंद संपले. संघातला प्रत्येक जण हात पाठीशी बांधून, मास्तरांनी उभं केलेल्या पोरासारखा, तेवढ्या एका शब्दाची वाट पाहायचा. पंचेचाळासे ऐकलं की सगळे तुटून पडत. अधिकाऱ्याच्या घड्याळात ते पाच पूर्णांक एक दशांशाच्या वर कधी गेलं नव्हतं आणि पाचाच्या खाली तर नाहीच नाही. दुसऱ्या संघांनीही हा पाढा करून पाहिला. कुणी चौथ्या ओळीला अडखळलं, कुणी घाबरून सहाव्या ओळीपर्यंत गेलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी एका मोठ्या संघाचा मॅनेजर त्यांच्या गॅरेजमध्ये आला. उभ्याउभ्याच चहा घेतला, टायरच्या घडवंचीकडे पाहिलं, भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेल्या पान्यांकडे पाहिलं, आणि मग आढेवेढे न घेता सांगितलं. पुढच्या वर्षासाठी त्याच्याकडे एक सीट रिकामी होती आणि नजरेसमोर दोघं होते, मुंगी आणि निळ्या गाडीतला मुलगा. उद्या दोघांत जो वर, त्याला सीट.

दादाने विचारलं, “रस्त्यावर वर की कागदावर?”

“अधिकाऱ्यांची सही झालेल्या कागदावर,” मॅनेजर म्हणाला. “रस्त्यावर काय, कुणीही पुढे असतं.”

चोविसाव्या वर्षी या खेळात माणसाला म्हातारपण लागायला सुरुवात होते. घरच्या संघाची जुनी गाडी मुंगीला जिथवर नेऊ शकत होती तिथवर तिने नेलं होतं. असा मॅनेजर पुन्हा दारात यायचा नव्हता, हे तिघांनाही ठाऊक होतं. मुंगी तेवढी शांतपणे जाऊन झोपली. दादाने तीच गन तीनदा उघडून पुन्हा बसवली.

दुसऱ्या दिवशी शर्यत सुरू व्हायला चाळीस मिनिटं असताना पाऊस आला. वीस मिनिटं झोडपून थांबला, पण रस्ता ओला करून गेला. सगळ्या पिटमध्ये धावपळ उडाली. गुळगुळीत कोरडे टायर काढा, खाचांचे पावसाळी टायर घाला, ब्रेकची सेटिंग बदला, मागचा पंख उभा करा. दादा ओरडत होता, आणि त्याच्या ओरडण्याने काम जलद होतं असा त्याचा समज होता. आत्याने वही उघडून एकेक आकडा गाडीत भरला. एक सोडून.

तो आकडा पिटच्या वेगाचा. पिटच्या गल्लीत ताशी साठच्या वर जायचं नाही. ड्रायव्हर रेषेपाशी स्टिअरिंगवरचं बटण दाबतो आणि लिमिटर गाडीला लगाम घालतो. पण लिमिटरला रस्ता दिसत नाही, तो फक्त चाकाचे फेरे मोजतो. चाकाचा घेर किती हे त्याला माणसाने सांगावं लागतं. पावसाळी टायर कोरड्यापेक्षा थोराड असतो, म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पळते. बाकीचे संघ लगाम अठ्ठावन्नवर घालतात आणि निवांत राहतात. आत्याला मात्र आपल्या मापाचा अभिमान. ती एकोणसाठ पूर्णांक आठवर घालायची. तीनशे मीटरच्या गल्लीत अर्ध्या सेकंदाहून जास्त वाचतो, तो का सोडायचा? वर्षानुवर्षं तिने असे अर्धे-अर्धे सेकंद वेचले होते. आज पावसाळी टायरचा घेर वहीत होता, तिच्याच अक्षरात होता, आणि गाडीत नव्हता.

अकराव्या फेरीपर्यंत रस्ता वाळला. मुंगी तिसरी होती, निळा तिच्या मागे चौथा. पुढचे दोघं इतके लांब गेले होते की त्यांचा विचार कुणीच करत नव्हतं. ती टायर बदलायला आत आली, बदलून बाहेर पडली, काम झकास झालं. दादाने समाधानाने गन खाली ठेवली, आणि तेवढ्यात पडद्यावर ओळ उमटली. गाडी सत्तावीस, पिटमधला वेग साठ पूर्णांक सात, दंड पाच सेकंद.

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. शून्य पूर्णांक सात जास्त, पावसाळी टायर, आपला एकोणसाठ आठचा लगाम. हिशेब तिच्या डोक्यात आपसूक झाला, वही उघडायची गरजही पडली नाही. अति तिथे माती म्हणतात ती अशी. थेंबाथेंबाने साठवलेलं तिने एका झटक्यात ओतून टाकलं होतं, आणि तेही पोरीच्या ताटातलं.

रेडिओवर तिने मुंगीला दंड सांगितला.

“बटण मी रेषेच्या आधीच दाबलं होतं,” मुंगी म्हणाली. मग थोडं थांबून, वेगळ्याच आवाजात, “दाबलं होतं ना गं?”

हा दुसरा प्रश्न आत्याला टोचला. ज्या पोरीने स्वतःच्या हातांवर कधी संशय घेतला नव्हता ती आता ताशी दोनशेच्या वेगात घेत होती. उरलेल्या एकोणतीस फेऱ्या ती प्रत्येक वळणावर स्वतःला हेच विचारणार होती. त्यातून रेडिओ सगळ्यांना ऐकू येतो. पंच ऐकतात, शेजारचे ऐकतात, मोठ्या संघाचा मॅनेजर तर कानाला यंत्र लावून भिंतीपाशीच उभा होता. आत्याची तीस वर्षांची अब्रू एका वाक्यात जाणार होती. पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय अर्थ?

“दाबलं होतंस,” ती म्हणाली. “तुझं काही चुकलं नाही. पावसाळी टायरचं माप मी गाडीत घातलंच नाही. चूक माझी आहे.”

तेवढ्यात भिंतीजवळच्या दोन-तीन माना आत्याकडे वळल्या आणि पुन्हा सरळ झाल्या.

“बरं,” मुंगी म्हणाली. “निळा किती मागे आहे?”

एवढंच. चिडणं नाही, रडणं नाही, ‘जाऊ दे गं’ची खोटी मलमपट्टीही नाही. आत्याने आकडा सांगितला आणि पुढच्याच फेरीत मुंगीने आत्तापर्यंतची सर्वांत वेगवान वेळ काढली. चूक करून उभ्या असलेल्या माणसाला अभिमान वाटायचा काही हक्क नसतो, पण आत्याला तो वाटला. तिने तो गिळला आणि कामाला लागली.

दादाने मात्र गिळणं वगैरे भानगड ठेवली नाही. त्याने रिकाम्या पिंपाला लाथ घातली, बहिणीला अद्वातद्वा बोलला, तिची वही, तिची फीत, तिचा तो चिंगूसपणा, सगळं बाहेर काढलं. आत्याने ऐकून घेतलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

सत्ताविसाव्या फेरीला मुंगीला शेवटचे टायर घालायला यायचं होतं, आणि त्याच वेळी दंडही भरायचा होता. पंचविसाव्या फेरीला आत्याने गळ्यातलं घड्याळ काढून दादापुढे धरलं. आज तू मोज, म्हणाली, माझ्यावर माझाच भरवसा राहिलेला नाही.

दादाने घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. “चूक मापात झालीय, पाढ्यात नाही,” तो म्हणाला. “आणि पंचेचाळासे ऐकल्याशिवाय माझे हात हलत नाहीत. आता या वयात त्यांना नवीन शिकवू नकोस.” मग तो गन घेऊन आपल्या जागी जाऊन उभा राहिला. थोड्या वेळापूर्वी याच माणसाने तिची सालटी काढली होती, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

एक गोष्ट आत्याच्या मनातून तरीही जाईना. तिने रेडिओ दाबला आणि मुंगीला सांगितलं की आत येताना लिमिटर दोनने खाली घे, अठ्ठावन्नच्या आतच राहू, पुन्हा काही नको.

“आता मी कोरड्या टायरवर आहे ना?” मुंगीने विचारलं.

“हो.”

“कोरड्याचं माप तू स्वतः घेतलंस?”

“काल दोनदा घेतलं. सकाळपासून गाडीत तेच आहे.”

“मग राहू दे,” मुंगी म्हणाली. “येते मी.”

खाली घे असा हुकूम सोडायचा आत्याला अधिकार होता. तिने तो वापरला नाही.

गाडी आली. गल्लीभर एकोणसाठ आठ, रेषेवर ब्रेक, चाकं थांबली. समोर अधिकारी घड्याळ घेऊन वाकलेला. पाच माणसं हात पाठीशी बांधून उभी, आणि त्यांच्यामध्ये मुंगीचं पिवळं हेल्मेट, दगडासारखं स्तब्ध. इंजिनाच्या आवाजावर चढून आत्याचा आवाज निघाला.

“एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न.”

शेजारून एक गाडी सुटून गेली. जॅकवाल्याचा खांदा किंचित पुढे झुकला आणि पुन्हा मागे गेला.

“एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. एकोणतीस चोक सोळोदरसे.”

इथेच जीव जातो. इथेच सगळ्यांना वाटतं की झालं, संपलं, आता नाही थांबलं तर चालेल. आत्यालाही वाटलं. तिने पाचवी ओळ घाईने गुंडाळली नाही आणि भीतीने लांबवलीही नाही.

“एकोणतीस पाचे पंचेचाळासे.”

हात सुटले. गाडी उचलली, चार गना एकदम कडाडल्या, टायर निघाले, टायर बसले, गाडी आदळली आणि गेली. अधिकाऱ्याने आपलं घड्याळ आत्याला दाखवलं. पाच पूर्णांक शून्य सहा. त्याने नुसतं भुवया उंचावून पाहिलं आणि तो पुढच्या दारी गेला. मग सगळे पडद्याकडे पाहत राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. वेगाचा दंड आला नाही.

मुंगी बाहेर पडली तेव्हा आपले टायर आधीच बदलून घेतलेला निळा आठ सेकंदांहून जास्त पुढे होता. उरल्या होत्या तेरा फेऱ्या. ती फेरीगणिक थोडं थोडं कुरतडत निघाली, आणि आरशात पिवळा ठिपका मोठा होताना पाहून निळा घाबरला. पाठीवर कुणी असेल तर माणूस रस्ता कापायला बघतो. वळणाबाहेरची पांढरी रेष चारी चाकांनी ओलांडायची नसते. पहिल्या तीन वेळा ताकीद मिळते, चौथ्यांदा दंड. चौतिसाव्या फेरीत निळ्याने चौथ्यांदा ओलांडली. पाच सेकंद. त्याला आता पिटमध्ये यायचं नव्हतं, तेव्हा ते शेवटी मिळवले जाणार होते.

म्हणजे मुंगीला त्याला गाठायची गरजच नव्हती. त्याच्या मागून पाच सेकंदांच्या आत रेष ओलांडली की कागदावर ती वर. अंतर होतं सात सेकंद, आणि फेऱ्या सहा.

आणि दुष्काळात तेरावा महिना, तेव्हाच पडद्यावरची सत्तावीस नंबरची चौकट रिकामी झाली. प्रत्येक गाडीत एक डबी असते, ती रेषेवरून जाताना वेळ कळवते. सकाळच्या पाण्याने मुंगीच्या गाडीतली डबी गेली होती. अधिकाऱ्यांचा निरोप आला की रेषेवरच्या कॅमेऱ्याच्या चित्रांवरून वेळ काढू, शर्यतीनंतर अर्धा-पाऊण तास लागेल. तोवर सत्तावीस नंबरची वेळ कोणत्याच पडद्यावर कळणार नव्हती.

राहिलं आत्याच्या हातातलं घड्याळ. निळा रेषेवरून गेला की दाबायचं, मुंगी गेली की पुन्हा दाबायचं, आणि तिला सांगायचं. सहा आठ. सहा चार. सहा. पाच सात. पाच तीन. मुंगी प्रत्येक आकड्यावर फक्त “हं” म्हणत होती आणि प्रत्येक वेळी ते “हं” थोडं जास्त धापलेलं होतं. शेवटची फेरी सुरू झाली. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, पोरीला सगळं माहीत होतं.

निळा गेला. आत्याने दाबलं. पिवळी आली, गेली. आत्याने दाबलं. मग किती तरी वेळ तिने घड्याळाकडे पाहिलंच नाही.

चार पूर्णांक ब्याऐंशी.

पाच सेकंदांना अठरा शतांश कमी. डोळ्याची पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी. आणि हे हाताने दाबलेलं घड्याळ. आज सकाळी जिने एवढी मोठी चूक केली तिच्या अंगठ्यावर कुणी विश्वास ठेवायचा? लगाम अठ्ठावन्नवर घातला असता तर अर्धा सेकंद तिथेच गेला असता, हेही तिच्या मनात येऊन गेलं. दादा विचारत होता, किती, किती? तिने कागद येऊ दे एवढंच सांगितलं. दादाला वाटलं, गेलं. तो मटकन टायरवर बसला.

निळ्याच्या दारात टाळ्या वाजत होत्या. रस्त्यावर तो तिसरा आला होता आणि कागदाचं पुढचं पुढे. मोठ्या संघाचा मॅनेजर दोन्ही दारांच्या बरोबर मधोमध उभा होता, अगदी मोजून उभा राहिल्यासारखा.

मुंगी गाडीतून उतरली. हेल्मेट काढलं, केस कपाळाला चिकटलेले, ओठ सुकलेले. तिने बापाकडे पाहिलं नाही, पडद्याकडे पाहिलं नाही. सरळ आत्यापाशी आली.

“तुझं घड्याळ काय म्हणतंय?”

“चार ब्याऐंशी,” आत्या म्हणाली. “पण हाताने दाबलंय ते. त्यावर जाऊ नकोस. कागद येऊ दे.”

मुंगीने मान हलवली, हेल्मेट बापाच्या मांडीवर ठेवलं आणि ती मॅनेजरकडे चालत गेली. आत्या तिच्या मागे धावली, पण पोहोचेपर्यंत उशीर झाला होता.

“सर,” मुंगी म्हणत होती, “सीटचा साचा घ्यायला मी कधी येऊ?”

प्रत्येक ड्रायव्हरची सीट त्याच्या पाठीच्या साच्यावर बनवतात, दुसऱ्याच्या सीटवर कुणी बसत नाही. मॅनेजर थोडा हसला. कागद अजून यायचाय, म्हणाला.

“येईल की. आत्याने मोजलंय. चार ब्याऐंशी.”

मॅनेजरने आत्याकडे पाहिलं. रेडिओवरचं सगळं त्याने ऐकलं होतं, आणि ते लपवायचा शिष्टाचारही त्याने केला नाही. “आजचा दंड यांच्याच चुकीने झाला ना?” त्याने मुंगीला विचारलं. “आणि तरी यांच्या घड्याळावर बोलतेस?”

आत्याची मान खाली गेली. भोवती पाच-दहा माणसं तरी होती.

“हो, यांच्याच चुकीने,” मुंगी म्हणाली. “ते तुम्हाला कसं कळलं? तिनेच सांगितलं म्हणून. ती गप्प बसली असती तर तुम्हाला वाटलं असतं मी चुकले, आणि मलाही तेच वाटलं असतं. जी स्वतःची चूक एवढ्या लोकांत एका मिनिटात सांगते ती चार ब्याऐंशी म्हणाली, तर ते चार ब्याऐंशीच आहे.”

निळ्याच्या दारातल्या टाळ्या एव्हाना थांबल्या होत्या.

पस्तीस मिनिटांनी अधिकारी कागद घेऊन आला आणि त्याने तो पिटच्या भिंतीला चिकटवला. सगळे तिकडे धावले. दादा लोकांना कोपरांनी सारत पुढे घुसला, नाक कागदाला लावून त्याने वाचलं, मग मोठ्याने वाचलं, मग आवाज फुटेना म्हणून नुसतं बोट ठेवून दाखवलं. तिसरा क्रमांक, गाडी सत्तावीस. दंडाआधी निळ्याचं तिच्यापुढचं अंतर चार पूर्णांक त्र्याऐंशी. आत्याचं घड्याळ एका शतांशाने चुकलं होतं. मॅनेजरने खिशातून पेन काढलं आणि साच्यासाठी यायची तारीख लिहून दिली.

आत्याने वळून मुंगीला शोधलं. ती गॅरेजच्या आत पालथ्या डब्यावर बसली होती. बाहेर तिच्या नावाचा गलका चालला होता, बाप रडतरडत हसत होता, अख्खं पिट त्या कागदाभोवती गोळा झालं होतं. मुंगी वाकून बुटांच्या नाड्या सोडत होती. एक बूट काढून झाला, दुसऱ्याची गाठ बसली होती, ती नखाने उकलत होती. कागद बघायला ती उठली नव्हती, आणि उठायची तिला काही गरजही वाटत नव्हती.

आत्या दारातच उभी राहिली. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि त्या पुसाव्यात असं तिला वाटलं नाही.